एल्बफिलहार्मोनीत आपला आवाज कसा पोहोचवावा

घरी तुमचं कोणी ऐकत नाही. ऑफिसात तुम्ही तोंड उघडलं की नेमका तेव्हाच सगळ्यांना मोबाइल बघायचा असतो. अशा माणसाने जर्मनीतल्या हॅम्बुर्गला जावं आणि तिथल्या एल्बफिलहार्मोनी या संगीतसभागृहाचं तिकीट काढावं. तिथे २१०० माणसं चिडीचूप बसून तुमचं ऐकतील. तुम्ही फक्त खोकायचं आहे.

ही सोय व्हावी म्हणून हॅम्बुर्गकरांनी काही कमी सोसलेलं नाही. बंदरातल्या एका जुन्या गोदामावर, जिथे एकेकाळी कोको, चहा आणि तंबाखूची पोती पडून असायची, हर्झोग आणि द मेरॉन या स्विस वास्तुविशारदांनी काचेचा डोलारा चढवला. २०१० साली उघडायचं ते उघडलं जानेवारी २०१७ मध्ये. शहराच्या तिजोरीतून ७.७ कोटी युरो जातील, असं आधी सांगितलं होतं. एकूण खर्चाचा आकडा शेवटी ८६.६ कोटींवर जाऊन टेकला. (सरकारी अंदाजपत्रकं सगळीकडे एकाच शाळेत शिकलेली असतात.) या पैशांत १२,५०० टनांचं मुख्य सभागृह ३६२ अजस्र स्प्रिंगांच्या संचांवर बसवलं आणि बाकीच्या इमारतीपासून सोडवून घेतलं. कारण खाली नदीत जहाजं भोंगे देतात, त्याच इमारतीत हॉटेल आहे, लोकांची घरं आहेत. त्यातला एकही आवाज आत यायला नको. थोडक्यात, तुमचे सगळे प्रतिस्पर्धी दाराबाहेर अडवून ठेवलेले आहेत. आत भोंगा हवा असेल तर तो तुम्हीच आणायचा.

वर जायला ८२ मीटर लांबीचा सरकता जिना आहे. तो कमानीसारखा वळलेला असल्याने दुसरं टोक खालून दिसत नाही. याचा व्हिडिओ काढा, सगळेच काढतात. मग ३७ मीटर उंचीवरच्या प्लाझातून बंदर बघत रेंगाळा आणि सगळे बसल्यावर आत शिरा. गुडघे बाजूला घ्यायला लावल्याशिवाय ओळख होत नाही.

आता सभागृहाकडे नीट बघा, कारण हे तुमचं वाद्य आहे. भिंतींना आणि छताला जिप्समचे सुमारे १०,००० फलक लावले आहेत. एकासारखा दुसरा नाही. प्रत्येकावर संगणकाने आखून कोरलेले खळगे आहेत. सपाट भिंत आवाज एकगठ्ठा परत फेकते, हे खळगे तो बारीक करून सगळीकडे पसरवतात. ही करामत यासुहिसा तोयोता या जपानी ध्वनितज्ज्ञाची. मात्र व्हायोलिन कुठलं आणि नाक शिंकरणं कुठलं, हे फलकांना कोणी शिकवलेलं नाही. ते दोन्हींचं सारख्याच आदराने वाटप करतात. शिवाय रंगमंच मध्ये आणि त्याच्या चहूबाजूंना द्राक्षमळ्याच्या पायऱ्यांसारखी आसनं, ही रचना वास्तुविशारद हान्स शारून यांनी बर्लिनच्या फिलहार्मोनीत १९६३ साली रूढ केली, तीच इथे आहे. वाद्यवृंदाला हातवारे करून चालवणाऱ्या कंडक्टरपासून कोणीही ३० मीटरपेक्षा फार लांब नाही. तेव्हा शेवटची रांग मिळाली म्हणून खट्टू होऊ नका.

खोकल्याचं म्हणाल तर लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलने पूर्वी कार्यक्रमपत्रिकेत मोजमापच छापलं होतं. हॉर्न या पितळी वाद्यावर मध्यम जोराने वाजवलेला सूर साधारण ६५ डेसिबल, आणि तोंडावर काही न धरता काढलेला खोकलाही तेवढाच. म्हणजे हॉर्नवाला वर्षानुवर्षं घासून जिथे पोहोचतो, तिथे तुम्ही घशात जरा खवखवलं की पोहोचता. रुमाल धरला तर आवाज पार मऊ होतो, असंही त्यात लिहिलं होतं. म्हणून रुमाल हॉटेलवर विसरा. आणि नगारे दणाणत असताना खोकून दम वाया घालवू नका. सगळे तंतुवादक गज तारेवर जेमतेम टेकवतात, ती वेळ धरा.

खोकल्याची गोळी असेल तर उत्तमच. ती चुरचुरीत कागदातली घ्या आणि शेजारचा बघायला लागला की सभ्यपणे, अगदी हळूहळू उलगडा. २००० साली अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. चुरगळलेल्या वेष्टनाचा आवाज सुट्या सुट्या टिचक्यांचा असतो. तुम्ही हळू ओढा की जोरात, एकेका टिचकीचा जोर काही कमी होत नाही. हळू उलगडल्याने फक्त टिचक्यांमधलं अंतर वाढतं आणि कार्यक्रम लांबतो. सभ्यपणाचा इतका दूरवर जाणारा उपयोग दुसरा नसेल.

मोबाइल बंद केला असं तुम्हाला वाटतं तेव्हा गजर चालूच असतो, ही त्याची खुबी. जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कला मालर या संगीतकाराची नववी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठी रचलेली, अनेक भागांची लांब रचना) विझत विझत संपायला आली असताना पहिल्या रांगेत एक आयफोन वाजू लागला, आणि वाजतच राहिला. कंडक्टर ॲलन गिल्बर्ट यांनी अख्खा ऑर्केस्ट्रा थांबवला. जगातले किती एकल वादक असं करून दाखवतील?

टाळ्यांना मात्र अभ्यास लागत नाही. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी असेल तर तिसरा भाग असा धडाक्यात संपतो की हात आपोआप उठतात. उठू द्या. पुढे एक अख्खा दुःखी भाग उरलाय, हे फक्त कंडक्टरच्या पाठीला ठाऊक असतं. आणि तो शेवटचा भाग खरोखर विझून गेला, वाजवणाऱ्यांचे हात अजून हवेतच आहेत, अशा क्षणी ‘ब्राव्हो’ ओरडणारा पहिला माणूस तुम्ही असायला हवं. दुसऱ्याला कोणी विचारत नाही.

या सगळ्याची लाज वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या की ध्वनिशास्त्राने तुम्हाला रसिक म्हणून कधी मोजलेलंच नाही. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी खुर्च्यांच्या गाद्या इकडून तिकडे नेऊन आवाज किती वेळ घुमतो ते मोजलं, आणि माणूस कपड्यांसकट किती आवाज गिळतो तेही हिशोबात धरलं. त्या हिशोबावर बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उभा राहिला. आजही चांगल्या सभागृहात खुर्चीची गादी अशी निवडतात की ती रिकामी असली तरी तुमच्याइतकाच आवाज शोषून घेईल. तुम्ही आलात काय, न आलात काय. मग आलाच आहात तर खुर्चीपेक्षा काहीतरी जास्त करून दाखवा.

जागा कुठली घ्यावी, हा प्रश्न उरतो. रंगमंचामागची घ्या. वाद्यांचं तिथे बरं चालतं, पण गाणाऱ्याचं तोंड एकाच दिशेला असतं आणि आवाजही मुख्यतः तिकडेच जातो. मागच्यांच्या वाट्याला त्याची पाठ. जानेवारी २०१९ मध्ये टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे गायक, योनास काउफमान याच सभागृहात मालर गात होते. ऐकू येत नाही म्हणून प्रेक्षकांतून ओरडा झाला, काही जण चालू कार्यक्रमात उठून दुसरीकडे जाऊन बसले, आणि पुढच्या वेळी मी शहरातल्या जुन्या लाइसहाले सभागृहातच गाईन अशा अर्थाचं काउफमान नंतर बोलले. जगातल्या नावाजलेल्या टेनरचा आवाज मागच्या रांगांपर्यंत गेला नाही. ओरडणाऱ्यांचा रंगमंचापर्यंत गेला, तिथून वर्तमानपत्रांत गेला, आणि तेही माइकशिवाय.