दर 7 वर्षांनी नवा माणूस? मग 1998 ची शाल कुणाची राहिलीय?

परवा फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला. तुमच्याकडेही फिरून गेला असेल. उगवता सूर्य, खाली जोडलेले हात, आणि मजकूर साधारण असा: विज्ञान सांगतं की दर 7 वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, म्हणजे 7 वर्षांपूर्वीचे तुम्ही आज अस्तित्वातच नाही, मग त्या माणसाच्या चुकांचं ओझं तुम्ही का वाहताय, आणि बुद्धाने हेच 2500 वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की 'मी' असं काही नसतंच.

पाठवणारे आमचे काका. काकांना 1998 च्या एका लग्नात शाल न देता नुसत्या टोपी-टॉवेलवर भागवलं होतं आणि ती कथा आम्ही दर लग्नसराईत ऐकतो. असो, मेसेजकडे येऊ.

'प्रत्येक पेशी बदलते.' नाही हो बदलत. काही बदलतात आणि 7 वर्षं कुठली, आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या चार-पाच दिवसांत जातात, लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस टिकतात. पण हृदयाच्या स्नायूचं बघा, पंचविशीत वर्षाला जेमतेम 1 टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीला तर त्याच्याही निम्म्या, म्हणजे आयुष्यभरात अर्ध्यासुद्धा बदलून होत नाहीत. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, कॉर्टेक्समधल्या चेतापेशी जवळपास तुमच्याच वयाच्या असतात. डोळ्याच्या भिंगाचा गाभा आईच्या पोटात तयार होतो तो शेवटपर्यंत तोच. आणि ज्या बीजांडातून तुम्ही झालात ते तर तुमची आई आजीच्या पोटात होती तेव्हाच तयार झालेलं. बसवा आता 7 वर्षांचं गणित.

हे शोधलं कसं ते मला जास्त भारी वाटतं. 1955 ते 1963 या काळात उघड्यावर इतके अणुबॉम्ब फोडून बघितले की हवेतलं कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, जवळपास दुप्पट झालं, मग अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या 1963 च्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. हवेतून झाडात, झाडातून ताटात, ताटातून आपल्यात. पेशी नवी बनताना तिचा डीएनए बनतो, त्यात त्या वर्षीच्या हवेचा शिक्काच बसतो, आणि स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या टीमने 2005 मध्ये तो शिक्का वाचून पेशींचं वय काढून दाखवलं. त्याच सुमारास शरीरातल्या पेशींचं सरासरी वय 7 ते 10 वर्षं असावं असा अंदाज वर्तमानपत्रांत छापून आला होता, आणि माझा आपला संशय असा की पुढे ढकलता ढकलता त्या 'सरासरी'चं 'प्रत्येक' झालं. घरात 1 वर्षाचं बाळ आणि 85 वर्षांची आजी असेल तर सरासरी 43 येते, पण 43 वर्षांचं माणूस घरात शोधून सापडणार नाही.

एक कबूल करतो. पेशी न बदलताही तिच्यातलं पाणी, प्रथिनं, बरेचसे अणू बदलत राहतात, तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याने पेशींऐवजी अणू म्हटलं असतं तर त्याला खोडणं इतकं सोपं नव्हतं. पण मग खरा प्रश्न येतो आणि मेसेज तिथेच घसरतो: माल बदलला म्हणजे वस्तू बदलली का?

डेक्कन क्वीन घ्या. 1 जून 1930 ला सुरू झाली, त्यानंतर इंजिनं बदलली, डबे कितीदा बदलले, 2022 मध्ये तर सगळी गाडीच नव्या एलएचबी डब्यांची झाली, ती मुंबईत ज्या स्टेशनात जाते त्याचं नावसुद्धा बदललं. पासवाल्याला विचारा ही तीच गाडी का. तो तुमच्याकडे असा बघेल की बस. तीच म्हणजे काय, तर तोच मार्ग, तेच नाव, आणि एका फेरीला दुसरी फेरी जोडत आलेली साखळी. लोखंड तेच आहे का हे कुणी विचारत नाही.

माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं, मनगटाच्या वर तुळस आणि शेजारी पाच ठिपके, हिरवट झालेले. आता गंमत बघा, कातडीतली गोंदणाची शाई काही पेशी गिळून धरून ठेवतात, त्या पेशी मरतात, शाई सांडते, आणि शेजारी आलेल्या नव्या पेशी तीच शाई परत गिळतात. हे 2018 मध्ये उंदरांवर बघितलं गेलं. म्हणजे धरणारे बदलतात आणि तुळस तिथेच.

जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1694 मध्ये मांडलं होतं की माणूस तोच राहतो तो शरीराने नव्हे, जाणिवेने, जिथवर मागचं 'हे मी केलं' म्हणून आठवतं तिथवर तो माणूस. पेशींपेक्षा हे बरंच बरं. पण आजी शेवटची दोन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती, मला 'तू कुणाचा रे' विचारायची, लग्न आठवत नव्हतं, सासर आठवत नव्हतं. मग लॉकच्या हिशोबाने ती कोण होती? आम्ही तिला भरवत होतो ते आजी म्हणूनच ना. तिच्या वतीने आम्हाला आठवत होतं. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, आणि सूर्योदयाच्या फोटोवर चार ओळींत मावेल असं कुणाकडे असेल असं वाटत नाही.

आता 'जुन्या चुका तुमच्या नाहीतच'. मेसेज फिरतो तो खरं म्हणजे या ओळीसाठी, पेशी नुसत्या वरातीला. पण हे धरलं तर सगळंच धरावं लागेल. 20 वर्षांचं होम लोन घेणारा हप्ते संपेपर्यंत दोनदा बदलून गेला, तरी बँक सोडत नाही आणि घरही आपण सोडत नाही. ज्याने दुखावलं तो नाही म्हणता, तर जो दुखावला गेला तोही नाही, मग माफी कुणी कुणाची मागायची? मुळात 'मी चुकलो' म्हणायला तो आणि हा 'मी' एकच लागतो. वाल्याचा वाल्मिकी झाला या गोष्टीत जीव आहे तो त्यामुळेच. बायकापोरं म्हणाली की पापात आमचा वाटा नाही, पाप तुझं तुलाच, आणि ते त्याने अंगावर घेतलं, अंगावर वारूळ चढेपर्यंत. वाल्या मेला आणि कुणी दुसराच वाल्मिकी जन्मला असं सांगा बरं, कोण ऐकेल?

राहिले बुद्ध. अनात्म म्हणजे न बदलणारा आत्मा नाही, हे त्यांच्या शिकवणीत आहेच, पण त्यावरून 'जबाबदारी नाही' हे कुणी काढलं? मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनांना हेच विचारतो की पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा, आणि उत्तर मिळतं 'न च सो, न च अञ्ञो', तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या प्रहराची आणि शेवटच्या प्रहराची तीच का, तसं. पुढे आंबेचोराचा दाखला आहे. पकडलेला चोर म्हणतो, यांनी जमिनीत लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, मला शिक्षा कसली? राजाच सांगतो की शिक्षा होणार, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यांपासूनच आले. काकांच्या मेसेजमधला युक्तिवाद त्या चोराचा आहे, फक्त सही बुद्धांची मारलीय.

हे सगळं थोडक्यात करून ग्रुपवर टाकलं आणि खाली विचारलं, काका, मग ती 1998 ची शाल आता सोडायची ना? ब्लू टिक आल्या. अर्ध्या तासाने उत्तर आलं: "शाल द्यायलाच हवी होती त्यांनी."