बावीस सेंटिमीटरचा रूळ

माझ्या निम्म्या वयाचा एक पोरगा परवा माझी मॉडेल रेल्वे बघायला आला आणि रुळांना नावं ठेवून गेला. अजून डोक्यातून जात नाही.

लोक इंजिन बघतात, बोगद्यात वाकून बघतात, निदान तोंडानं शिट्टी तरी वाजवतात. यानं टेबलावर हनुवटी टेकली, एक डोळा मिटला आणि डॉक्टरनं 'साखर आहे का?' विचारावं तशा सुरात म्हणाला, "काका, कोड १००?"

"हो. का?" (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली.)

खिशातून कॅलिपर निघाला. घरून आणला होता! "उंची २.५४ मिलिमीटर. आपलं प्रमाण १:८७. गुणा."

मी मुकाट गुणायला लागलो. पाहुण्यापुढं माणूस काय वाटेल ते करतो.

"बावीस सेंटिमीटर! एवढा उंच रूळ कुठं बघितलाय? मेन लाइनला कोड ८३, सायडिंगला ७०."

माझ्या इंजिनातल्या ड्रायव्हरला कमरेखाली पाय नाहीत. डोंगर थर्माकोलचा. एक्स्प्रेस १८ इंच त्रिज्येत गिरकी घेते, म्हणजे खऱ्या मापानं चाळीस मीटर. खरी असती तर आडवीच झाली असती. ते सगळं चालतं. रूळ तेवढा खोटा!

बरं, माझ्या जुन्या इंजिनांच्या चाकांची कड खोल. बारीक रुळावर ती खिळ्यांच्या डोक्यांवर टकटक आपटत जातात, नाहीतर सरळ खाली उतरतात. आणि गाडी खरी अडते ती सांध्यावर, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथं. तिथला फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लास्टिकचा असला की छोटं इंजिन तिथं येऊन मरतं, मग आभाळातून माझं बोट अवतरतं. म्हणून मी पैसे घातले ते वीज वाहणाऱ्या फ्रॉगच्या सांध्यांत. रुळाच्या अंगाला गंजाचा रंग फासला, माथा पुसून घेतला, खडी पसरली. उंची डोळ्यांत भरत नाही. कॅलिपर घेऊन फिरणाऱ्यांचं सोडा. आणि एवढं करून एकानंही सांध्यांचं कौतुक केलेलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

"तुझी गाडी कशी धावते रे?" मी विचारलं.

"अजून रूळच बसवतोय, काका." मग पिशवीतून स्वतःचं इंजिन काढलं. "तुमच्यावर जरा चालवू?"

संध्याकाळभर चालवलं. एकदाही घसरलं नाही, एकदाही अडलं नाही.

निघताना म्हणाला, "आवाज जरा पोकळ येतो, नाही?"