दोन टक्क्यांची देशभक्ती

बजेट जवळ आलं की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. देशात जेमतेम दोन टक्के लोक कर भरतात. तेच खरे देशभक्त, बाकीचे फुकटे. शेतकरी तर दमडी देत नाही. म्हणून मताचा हक्क करदात्यांनाच हवा. यंदा तो मामेभावाने टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

आकड्याशी माझं भांडण नाही. २०२२-२३ या आर्थिक वर्षासाठी सुमारे ७ कोटी ४० लाख लोकांनी विवरणपत्रं भरली आणि त्यातल्या ५ कोटी १६ लाखांचा कर शून्य निघाला. उरले सव्वादोन कोटी, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. पण हा हिशेब प्राप्तिकराचा आहे. मेसेजमधून 'प्राप्ती' गुपचूप गळली आणि नुसता 'कर' उरला.

२०२३-२४ मध्ये जीएसटीचं ढोबळ संकलन २० लाख १८ हजार कोटी रुपये होतं. त्याच वर्षी वैयक्तिक प्राप्तिकर निव्वळ साडेदहा लाख कोटींच्या आतच. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, मोबाइलच्या रिचार्जवर आजही आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी बिस्किटाचा पुडा घ्यायच्या तेव्हा त्यांचं उत्पन्न किती, हे काही दुकानदार विचारत नव्हता.

आता शेतकरी. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे खरं. त्याआड काही बडे लोक आपला भलताच पैसा लपवतात, तेही खरं. पण नाशिकच्या कांदेवाल्याला विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. डिसेंबरात निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क राहिलं. सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं गेलं. कागदावर हा कर निर्यातदार भरतो. पण लासलगावच्या लिलावात व्यापारी भाव बोलतो तो शुल्काचा अंदाज वजा करूनच. शिवाय प्राप्तिकर कमाईवर लागतो. हे शुल्क मालाच्या किमतीवर लागतं, शेतकरी तोट्यात असला तरी. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून झालेली ही वसुली कोणत्याच विवरणपत्रात दिसत नाही.

'फुकटे' या शब्दाबद्दल एवढंच. मामेभावाच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो १९७५ मध्ये आला रोजगार हमी योजनेसाठी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांना काम मिळावं म्हणून. काम करून मजुरी घेणारा फुकटा कसा?

राहिली देशभक्ती. ती कराला चिकटवण्याची खोड पुढाऱ्यांची, आणि ती फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत २००८ च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाचे उमेदवार जो बायडन म्हणाले, श्रीमंतांनी जास्त कर भरणं देशभक्तीचं आहे. प्रतिस्पर्धी सारा पेलिन यांनी वादसभेत ते साफ खोडून काढलं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी कर न भरल्याचा टोमणा मारला, तर डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, म्हणजे मी हुशार. कराबाबत पुढाऱ्याला जे सोयीचं, ते देशप्रेम. आपल्या कोकणातल्या शिरोड्याला मे १९३० मध्ये लोकांनी मिठाचा कायदा मोडला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मेसेजच्या मापाने तेही करबुडवेच.

करदात्यांनाच मत, ही कल्पनाही नवी नाही. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहूनच मिळत होता, आणि बहुतेक प्रौढ यादीबाहेर होते. राज्यघटनेच्या कलम ३२६ ने ती अट काढली.

तरी ती परत आणायचीच असेल, तर मामेभावाने आधी स्वतःचा हिशेब करावा. एप्रिल २०२५ पासून प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. त्याचा पगार त्याच्या आत बसतो, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी त्याचं विवरणपत्र मीच भरून दिलं. मेसेजप्रमाणे यंदा मत मावशींनाही नाही आणि त्यालाही नाही. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं. अजून त्याचा अंगठा आलेला नाही.