दोन फीडर आहेत म्हणून जनरेटर नको?

डेटा सेंटरच्या खर्चाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: "मुंबई-नवी मुंबईत वीज जातच नाही. दोन फीडर (वीज कंपनीच्या दोन वेगळ्या लाइन) घ्या, चांगला यूपीएस (वीज गेली की बॅटरीवर भार चालवणारी यंत्रणा) बसवा. डिझेल जनरेटरवर कोट्यवधी घालायची गरज नाही." ज्यांच्या सर्व्हरवर रुग्णालयांच्या नोंदी नि बँकांचे व्यवहार चालतात, त्यांनी हा सल्ला मुळीच मानू नये.

वीज जातच नाही? १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची आणि ठाणे, नवी मुंबईच्या बऱ्याच भागाची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ग्रिड (वीज वाहून आणणारं मोठं जाळं) कोसळली तर शहराला वेगळं काढून वाचवायची आयलँडिंग यंत्रणाही त्या दिवशी टिकली नाही. केबल तुटली किंवा ट्रान्सफॉर्मर जळला तर दुसरा फीडर तारतो. ग्रिडच बसली की दोन्ही मेले.

यूपीएसच्या बॅटऱ्या सहसा ५ ते १५ मिनिटांच्या हिशोबाने घेतात, कारण जनरेटरने भार उचलेपर्यंतच त्यांचं काम. बॅटऱ्या दुप्पट केल्या तरी चिलर (हॉल थंड ठेवणारी यंत्रं) बहुधा यूपीएसवर नसतात. सर्व्हर चालू आणि थंडावा बंद, अशा हॉलचं तापमान मिनिटांत चढतं.

जनरेटर मान्य करणारेही पुढे घसरतात: "आयटी भार (सर्व्हर आणि नेटवर्कला लागणारी वीज) एक मेगावॉट, १२५० केव्हीएचा एक जनरेटर सेट बास." ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या किलोवॉटचं प्रमाण) १२५० केव्हीए म्हणजे १००० किलोवॉटच. मग कूलिंग आणि बॅटरी चार्जिंग कशावर चालणार? तो सेट दुरुस्तीला उघडला असेल तेव्हा काय? एक सेट जास्तीचा धराच. कोटेशनमधला आकडा स्टँडबायचा की प्राइमचा (तासांची मर्यादा नसलेल्या वापराचा), हे लेखी घ्या. स्टँडबायचा आकडा मोठा दिसतो, पण तो वर्षातल्या मोजक्या तासांच्या, बदलत्या भारासाठी असतो.

आणि डिझेल? १००० किलोवॉटला तासाला अंदाजे अडीचशे लिटर, म्हणजे १२ तासांना ३००० लिटर. २५०० लिटरपुढे साठ्याला पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवाना लागतो. त्याचा अर्ज सेटच्या ऑर्डरबरोबरच करा.

२०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ७५ ब्रॉड स्ट्रीट इमारतीत जनरेटर सतराव्या मजल्यावर कोरडा होता, पण तळघरातली इंधन यंत्रणा बुडाली. माणसांनी बादल्यांनी डिझेल जिन्यावरून वर नेलं. पाणी मुंबईतही भरतं: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. म्हणून इंधनाचे पंप तळघरात दाखवणाऱ्या नकाशावर सही करू नका.