पॅकेजचा आकडा नको, शेवटचं बिल सांगा

विमा नसताना ऑपरेशन ठरलं की घरातलं कुणीतरी तीन-चार हॉस्पिटलांना फोन लावतं, मिळालेले आकडे एकाखाली एक लिहितं आणि सगळ्यात लहान आकड्याला गोल करतं. याला तुलना म्हणत नाहीत. एकाने पॅकेज सांगितलेलं असतं, दुसऱ्याने एस्टिमेट, तर तिसऱ्याने नुसती सर्जनची फी.

पॅकेज म्हणजे लिहिलेल्या अटींत ठरलेली रक्कम. एस्टिमेट म्हणजे अंदाज, वाढला तर तुमच्या खिशातून. त्यामुळे पहिला प्रश्न 'किती?' हा नसून 'रक्कम पक्की की अंदाजे, आणि वाढली तर कशाने?' हा असतो. उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या 'सगळं धरून' या शब्दांना बिलाच्या खिडकीवर कुणी विचारत नाही.

'सगळं धरून'मधून नेमकं काय गळतं? भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशनआधीच्या तपासण्या, असिस्टंट सर्जन, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) वापरलेलं सामान, घरी न्यायची औषधं, टाके काढायची फेरी. काही ठिकाणी खोलीचा दर्जा वाढवला की सर्जनची आणि ओटीची फीसुद्धा वाढते. सर्जन तोच, टेबल तेच, बिल मात्र वेगळं. म्हणून तुलना करताना सगळीकडे एकाच दर्जाच्या खोलीचा भाव मागा.

पित्ताशयाचंच बघा. दुर्बिणीतून पिशवी काढणं हे तसं सरळ ऑपरेशन, त्यामुळे पॅकेज सहज मिळतं. पण खडा सरकून पित्तनलिकेत गेला असेल तर तो काढायला ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिका मोकळी करायची प्रक्रिया, लागते. तिचा डॉक्टर बहुधा वेगळा, बिल वेगळं. नळीत स्टेंट टाकला तर काही आठवड्यांनी तो काढायचा खर्च आणखी वेगळा. म्हणून सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसली किंवा लिव्हरच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल, तर एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) आधी करून घ्यायची का, हे भाव विचारण्यापूर्वी सर्जनला विचारा. दुसरी गोष्ट, आत चिकटलेलं असेल तर दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं. ती सर्जनची चूक नसते, उलट कित्येकदा शहाणपण असतं. पण एका दिवसाचा मुक्काम चार-पाच दिवसांवर जातो. तेव्हा पॅकेज तेच राहतं का? आणि काढलेली पिशवी हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) जाते, ते पैसे कशात धरलेत?

हर्नियात पैसा कमजोर जागी बसवायच्या जाळीत आणि ती आत टाचायच्या टॅकर नावाच्या उपकरणात असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारण १०×१५ सेंमीची जाळी लागते. टॅकर दर वेळी लागतोच असं नाही, पण लागला तर महागात जातो. एकाच बाजूचा, पहिल्यांदाच झालेला जांघेतला हर्निया असेल, तर उघड्या पद्धतीने, जागेवर भूल देऊन केलेलं ऑपरेशनही उत्तम असतं आणि बहुधा स्वस्त पडतं. दोन्ही बाजूंना असेल किंवा पुन्हा उद्भवला असेल तर दुर्बिणीचं पारडं जड. माझ्या मते उघड्या पद्धतीचा पर्याय स्वतःहून न सांगणाऱ्या ठिकाणी आणखी दोन प्रश्न जास्त विचारावेत.

मोतीबिंदूत सगळा खेळ लेन्सचा. मोनोफोकल, टोरिक, मल्टिफोकल असा प्रकार, कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या, नाहीतर दोन भावांची तुलनाच होत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागचं पातळ आवरण धुरकटलं तर लेसर लागतो. तो पॅकेजमध्ये बहुधा नसतो.

सगळ्यात मोठा आकडा मात्र कुणी विचारतच नाही. गुंतागुंत झाली तर काय? ३० दिवसांत पुन्हा ओटीत न्यावं लागलं तर पैसे कोण भरणार? आयसीयूचा एका दिवसाचा खर्च व्हेंटिलेटरसकट किती? छोट्या हॉस्पिटलात आयसीयूच नसेल तर अँब्युलन्स, नवं हॉस्पिटल, नवं डिपॉझिट, आणि तेही घासाघीस करायची सोय नसताना. तरुण, धडधाकट माणसाच्या छोट्या ऑपरेशनला हा धोका पत्करता येतो. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने स्वस्त पॅकेजसाठी पत्करू नये.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्या. ऐनवेळी ऑपरेशन पुढे ढकललं की जुने रिपोर्ट बऱ्याचदा चालत नाहीत आणि त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा जातात.

सवलत मागायची ती भरती होण्याआधी. डिस्चार्जच्या दिवशी तुमच्या हातात काही उरलेलं नसतं. आणि 'दहा टक्के कमी करू' म्हणाले तर कशावर, ते विचारा. बऱ्याचदा औषधं आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे भाग) त्यातून वगळलेले असतात, आणि गुडघ्याच्या सांध्यासारख्या ऑपरेशनमध्ये बिलाचा मोठा वाटा इम्प्लांटचाच असतो.

शेवटी तपशीलवार बिल मागा, एकेक ओळ लिहिलेलं. न वापरलेली औषधं परत करून पैसे वजा झालेत का, ते बघा. जाळी, लेन्स, सांधा, काहीही बसवलं असेल तर खोक्यावरचा मॉडेल, साइज आणि लॉट नंबरचा स्टिकर फाइलमध्ये हवा. बिलात दोन जाळ्या आणि फाइलमध्ये एकच स्टिकर दिसला, तर पैसे भरण्याआधी दुसरा मागा.