बीपी उभं करूनही मोजा
मधुमेहाने पाय बधिर होतात हे तुमच्या मधुमेहावरच्या लेखात छान सांगितलंय, पण स्वायत्त चेतासंस्थेच्या (म्हणजे ठोके, बीपी आपोआप सांभाळणाऱ्या नसांच्या; मधुमेहाने त्याही बिघडतात) तपासणीवर एकच ओळ आहे, म्हणून लिहितेय. माझे बाबा २२ वर्षांपासून मधुमेही. सकाळी अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सगळे म्हणायचे अशक्तपणा, सरबत द्या (मधुमेह्याला!). दवाखान्यात बीपी नेहमी बसवूनच घ्यायचे आणि ते उत्तम यायचं.

शेवटी एका डॉक्टरांनी आधी झोपवून, मग उभं करून मोजलं. वरचा आकडा १४८ वरून थेट ११२! उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तरी तो दोष धरतात.

पुढची तपासणी बघून मला गंमतच वाटली. ईसीजी लावून मिनिटाला सहाच श्वास घ्यायला लावले. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात. हा फरक मिनिटाला साधारण १५ ठोक्यांचा तरी हवा. वयाबरोबर तो घटतो हे खरं, पण बाबांचा जेमतेम ४ होता. मग बीपीच्या यंत्राला जोडलेल्या नळीत फुंकून पारा १५ सेकंद ४० वर धरायचा, मूठ आवळून ठेवायची. एडिनबरोच्या डॉ. युइंग यांनी रूढ केलेल्या या चाचण्या, सुई टोचणं नाही की काही नाही. फक्त डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव असेल तर फुंकणं टाळतात, ते आधीच सांगा.

आता बाबा पलंगावर पाय सोडून जरा बसतात, पोटऱ्या आवळतात, मग उठतात. डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळीही बदलली, कारण तशा काही गोळ्यांनीही उभं राहिल्यावर बीपी उतरतं. निम्मा फरक त्यानेच पडला असं मला वाटतं.