शाळा बँकेने बंद केल्या नाहीत

जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गाभा असा: जागतिक बँकेचं कर्ज घेऊन सरकारने मराठी शाळा गहाण टाकल्या, शिक्षण आता बँकेच्या पैशावर आणि बँकेच्या पुस्तकांवर चालतं, तिच्याच अटीमुळे कमी पटाच्या शाळा बंद होतात, आणि नव्वदच्या दशकातल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाचा, म्हणजे डीपीईपीचा, पैसा रंगरंगोटीत गेला, मुलांच्या हाती काही लागलं नाही, आले ते फक्त कमी पगाराचे शिक्षक. शाळांची खरी काळजी असलेली माणसंच हे पुढे पाठवतात, म्हणून ते नीट तपासायला हवं.

'शाळा गहाण टाकल्या.' कुठलीही शाळा तारण नाही. कर्ज घेते भारत सरकार आणि फेडतेही तेच. 1994 मध्ये डीपीईपी सुरू झाला तेव्हा बँकेचा पैसा आयडीए या, गरीब देशांना सवलतीचं कर्ज देणाऱ्या तिच्या शाखेतून आला. त्यावर व्याज नव्हतं, पाऊण टक्का सेवाशुल्क होतं आणि परतफेडीला 35 वर्षं होती. केंद्राने राज्यांना 85 टक्के रक्कम अनुदान म्हणून दिली, 15 टक्के राज्यांनी घातली. आज भारताला ती सवलत मिळत नाही, नवं कर्ज महाग आहे, हे खरं. पण तेही जिल्हा परिषदेच्या नावावर नाही.

'शिक्षण बँकेच्या पैशावर चालतं.' 2020 मध्ये मंजूर झालेल्या स्टार्स या शालेय शिक्षण सुधारण्याच्या प्रकल्पात बँकेचे 50 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने सुमारे 3,700 कोटी रुपये होते. महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, केरळ, ओडिशा आणि हिमाचल प्रदेश अशा सहा राज्यांसाठी, पाच वर्षांत. त्याच वर्षी समग्र शिक्षा या एकाच शालेय योजनेसाठी केंद्राची तरतूद 38,750 कोटींच्या घरात होती. शिवाय आपल्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. पुस्तकांचं म्हणाल तर ती बालभारती काढते.

आता सगळ्यात जास्त रुजलेला मुद्दा: 'बँकेच्या अटीमुळे शाळा बंद होतात.' डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करायला काढल्या त्या राज्याच्या शिक्षण विभागाने. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले तेही याच विभागाने, आणि अशा शाळा राज्यात 14 हजारांहून अधिक होत्या. स्टार्सचे पैसे निकाल दाखवल्यावर सुटणार होते. सरकारने जाहीर केलेल्या निकालांत तिसरीच्या मुलांची भाषेतली किमान क्षमता, माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, प्रशासनाचा निर्देशांक अशा गोष्टी होत्या. शाळा बंद करणं त्यात नव्हतं.

मुळात पट का घटतो? 2012 मध्ये राज्याने शिक्षकभरती थांबवली आणि ती पवित्र पोर्टलवरून पुन्हा सुरू व्हायला 2019 उजाडलं. दोन शिक्षकी शाळेत एक जागा रिकामी राहिली की उरलेला माणूस चार इयत्ता, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती एकट्याने ओढतो. पालक हे बघतात आणि मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. बीडमध्ये ऊसतोडीला निघालेलं कुटुंब मूल सोबत नेतं. मग पट कमी म्हणून तीच शाळा बंद करायच्या यादीत येते. यातला एकही निर्णय वॉशिंग्टनमध्ये झालेला नाही. बँकेला शिव्या घातल्याने मंत्रालयातला प्रत्येक जबाबदार माणूस सुटतो, याचीच मला चीड आहे.

'डीपीईपीतून काहीच झालं नाही.' या कार्यक्रमाने जिल्हे निवडले ते मुख्यतः मुलींच्या मागासलेपणावरून: 1991 च्या जनगणनेत जिथे स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा, म्हणजे 39.3 टक्क्यांपेक्षा कमी होती तिथे. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात तेव्हाचे औरंगाबाद, उस्मानाबाद, परभणी, नांदेड आणि लातूर. पुढे बीड, जालना, धुळे, गडचिरोली. बांधकामावर सुरुवातीला 24 टक्क्यांची मर्यादा होती, ती पुढे वाढवली. बाकीचा पैसा शिक्षक प्रशिक्षण, साहित्य, शिक्षकांना मदत करणारी गट आणि समूह साधन केंद्रं अशा कामांसाठी होता.

परिणामांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. ज्योत्स्ना जलान आणि एलेना ग्लिन्स्काया यांना निव्वळ फरक लहान दिसला, कारण त्या काळात इतर जिल्ह्यांतही मुलं शाळेत येऊ लागली होती. गौरव खन्ना यांनी अगदी त्या 39.3 च्या रेषेच्या अलीकडचे-पलीकडचे जिल्हे ताडून पाहिले. त्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. रेषेखालच्या, म्हणजे कार्यक्रम मिळालेल्या जिल्ह्यांत शिक्षण वाढलं, पुढे त्या मुलांची कमाईही वाढली. मात्र शिकलेले हात वाढल्यामुळे शिक्षणाचा मोबदला काहीसा उतरला. लाभ अपेक्षेपेक्षा कमी असेल, पण 'काहीच नाही' हे खोटं आहे.

त्या मजकुरात खरी बोचणारी गोष्ट एकच आहे: कमी पगाराचे शिक्षक. मध्य प्रदेशात 1997 च्या शिक्षण हमी योजनेत गुरुजींना महिना 500 रुपये मिळत, आणि त्या काळच्या स्वस्त शिक्षकाच्या विचाराला डीपीईपीने बळ दिलं, हा टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण महाराष्ट्राने 2000 मध्ये सुरुवातीची वर्षं मानधनावर राबणारे शिक्षणसेवक आणले ते स्वतःच्या तिजोरीचं कारण सांगून. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन वर्षानुवर्षं 6,000 रुपयांवर अडकलं होतं, ते 2023 मध्ये 16,000 झालं.

बँकेच्या पैशाबद्दल भांडायचंच असेल तर याच्यावर भांडा. डीपीईपी जिल्हा बघत होता, सर्वांत मागे कोण आहे ते विचारून पैसा देत होता. स्टार्सची जाहीर उद्दिष्टं मात्र अख्ख्या राज्याच्या आकड्यांत होती. सातारा-पुण्याची मुलं चांगलं वाचू लागली तरी राज्याचा आकडा वर जातो, धडगाव आणि भामरागडसारखे दुर्गम आदिवासी तालुके होते तिथेच राहिले तरी. तेव्हा आपल्या आमदाराकडे आणि जिल्हा परिषदेकडे मागायचं ते हे: तिसरीच्या वाचनाचे निकाल तालुकावार प्रसिद्ध करा आणि त्याच कागदावर त्या तालुक्यातली शिक्षकांची रिक्त पदंही छापा.